कर्जत तालुक्यातलं परकं जहाज

परक्या देशाच्या मासेमारी जहाजानं दुसऱ्याच्या समुद्रातून कसं जावं, याचे नियम तोंडपाठ असलेला उभ्या कर्जत तालुक्यात एकच माणूस होऊन गेला, आणि तो आमच्या घरी राहत होता. आता कोणी विचारील, कर्जत तालुक्याला याचा उपयोग काय? मीही पहिली दोन वर्षं हेच विचारत होतो. आमचं गाव मिरजगावपासून दोन कोसांवर. जवळची नदी म्हणजे सीना. ती पावसाळ्यात तोंड दाखवून जाते आणि पुढे आठ महिने तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. होळी झाली की टँकर सुरू. पाण्यावर तरंगणारी वस्तू म्हणाल, तर टँकरमधून हंड्यात आलेला शेवाळाचा तुकडा, एवढीच आमची दर्यावर्दी परंपरा. अशा गावात एक गृहस्थ ओट्यावर बसून, परक्या ट्रॉलरनं आपली जाळी नेमकी कुठं बांधून ठेवावी, हे येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत. आणि गंमत म्हणजे लोक ऐकत.

हे गृहस्थ माझ्या बायकोचे सख्खे मामा. कोकणात मासळीखात्याच्या एका कचेरीत त्यांनी तीस वर्षं टंकलेखन केलं. परक्या जहाजांच्या नियमांचं परिपत्रक त्यांच्या टेबलावर वारंवार येई, कारण दर नव्या साहेबाला त्यात एखादा शब्द इकडचा तिकडे करावासा वाटे, आणि मामांना अख्खं स्टेन्सिल पुन्हा कापावं लागे. खाडाखोड त्यांना चालत नसे. एका स्वल्पविरामापायी त्यांनी चार पानं पुन्हा टाईप केली होती, आणि ती हकिगत ते एखाद्या लढाईसारखी सांगत. बाकी समुद्राशी त्यांचा संबंध बेताचाच. मासे खात नसत, वासानं मळमळायचं. होडीत कधी बसले नाहीत. मी हायस्कूलला भूगोल शिकवतो, आणि समुद्र फक्त नकाशात पाहिलेला, म्हणून एकदा भीत भीत विचारलं, "मामा, परकी जहाजं दिसायला कशी असतात हो?" मामा चष्मा पुसत म्हणाले, "जावईबापू, आमच्या कचेरीची खिडकी दुसऱ्या बाजूला होती."

नियम मात्र असे सांगत की ऐकत राहावं. "परक्या जहाजाला जाऊ द्यायचं की नाही? जाऊ द्यायचं. तो त्याचा हक्क. पण आपल्या पाण्यात जाळं टाकू द्यायचं? नाही. तो आपला हक्क. भांडण कुठं राहिलं?" इथून सुरुवात व्हायची. मग एकेक बोट दुमडत: आत शिरताना कळवायचं, कोण, कुठून, कुठे. पोटात आधीचे किती मासे आहेत ते आधीच सांगून टाकायचं, म्हणजे मागाहून संशय नको. जाळी गुंडाळून, बांधून ठेवायची. सरळ जायचं, रेंगाळायचं नाही. वाटेत दुसऱ्या जहाजाला माल द्यायचा नाही. बाहेर पडताना पुन्हा कळवायचं. याच्या शेवटी आणखी एक ओळ होती म्हणे, पण ती मी कधी ऐकली नाही, कारण तेवढ्यात चहा यायचा आणि चहापुढे मामांचा समुद्र आटायचा.

हे सगळं तोंडी राहिलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण मामा नियम पाळत. त्यांची खोली पुढच्या अंगाला, मोरी परसात आणि मध्ये स्वयंपाकघर. म्हणजे दिवसातून आठदा त्यांना माझ्या बायकोच्या हद्दीतून जावं लागे. ते उंबऱ्यावर थांबत, खाकरत आणि म्हणत, "मी आहे. मोरीकडे चाललोय. हात रिकामे." मग दोन्ही हात पाठीमागे बांधून, लाडवाच्या डब्याकडे न बघता, नाकासमोर चालत पलीकडच्या दारानं बाहेर. परत येताना तेच. शेजारी कुठं काही खाल्लं असेल तर दारातच जाहीर करत: "पाटलांकडे चिवडा आणि अर्धी करंजी झालीय." बायको पहिल्यांदा हसायची, मग चिडायची, मग रडकुंडीला यायची. "अहो मामा, घर आहे हे! घ्या की हातानं एक लाडू!" मामा म्हणत, "नको, नको. जाता जाता कसं घेणार?" तिनं ताटात वाढलं तर चाटूनपुसून खात. पण आपल्या हातानं डब्याचं झाकण त्यांनी सहा वर्षांत एकदाही उघडलं नाही.

शेजारणींनाही यातून सुटका नव्हती. पलीकडच्या आळीत जायला बायका आमच्या अंगणातून वाट काढत, आणि वाटेत आमचा पाण्याचा हौद. मामा ओट्यावरून हात वर करत, "वहिनी, जा, खुशाल जा. फक्त हंडा पालथा धरा." पालथा हंडा म्हणजे गुंडाळलेलं जाळं. एका बाईनं कंबरेवर हात ठेवून सुनावलं, "मामा, तुमच्या हौदात मुंगी बुडंल एवढं तरी पानी हाय का? कशाला आमची झडती!" मामा शांतपणे म्हणाले, "पाणी नसलं तरी हद्द असते." पुढे पुढे त्या बायका अंगणाच्या तोंडाशी आल्या की आपणहून हंडा पालथा करत आणि तोंडावर पदर धरून हसत. सवय अशी लागली, की त्यातली एक लग्नाला जामखेडला गेली होती, तिथंही कोणाच्या तरी अंगणातून रिकामी कळशी पालथी धरून गेली आणि लोकांनी तिच्या डोक्यावर परिणाम झाला असं ठरवलं.

आता हे मामा आमच्याकडे आले कसे, ते सांगायला हवं. नव्वद सालानंतर लगेचच ते निवृत्त झाले, आणि महिनाभरात मामी गेल्या. मूलबाळ नाही. सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा एक ट्रंक, एक वळकटी घेऊन एस.टी.नं आमच्या दारात उतरले. म्हणाले, "श्रीरामपूरला पुतण्याकडे चाललोय कायमचा. वाटेत चार दिवस थांबतो." बायकोनं त्यांच्या खोलीत सदरा अडकवायला खुंटी ठोकून दिली. मामांनी खुंटीकडे पाहिलं, मान डोलावली आणि सदरा घडी करून ट्रंकेत ठेवला. ते चार दिवस पुढे सहा वर्षं चालले. रोज सकाळी ट्रंक उघडून कपडे काढायचे, रोज संध्याकाळी वाळलेले कपडे घडी करून आत, कुलूप, किल्ली जानव्याला. वळकटी रोज बांधून भिंतीशी उभी. दर तीन महिन्यांनी पुतण्याला पोस्टकार्ड: मी अमुक तारखेच्या सुमारास येण्याचा विचार करीत आहे, सोयीचे असल्यास कळवावे. पुतण्याचं उत्तर कधीच आलं नाही. कळवल्याशिवाय शिरायचं नाही हा नियम, म्हणून मामा श्रीरामपूरला जाऊ शकत नव्हते. आणि चार दिवसांचे सांगून आलेले, म्हणून आमच्याकडे राहिलोय असं म्हणू शकत नव्हते. माझ्या बायकोला आईवडील राहिले नव्हते. तिच्या माहेरचं म्हणून एवढंच माणूस उरलेलं, आणि ते रोज संध्याकाळी निघायच्या तयारीत. तिचा एकच हट्ट होता, मामांनी ती ट्रंक रिकामी करावी आणि आता इथंच राहतो असं एकदा तोंडानं म्हणावं. मी म्हणायचो, "अगं, राहतायत की, म्हणायचं कशाला?" ती म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं." मला खरंच कळत नव्हतं.

मामांच्या कायद्याचं सोनं झालं ते सरपंचांच्या हरभऱ्यामुळे. आमच्या गावावरून धनगरांचे कळप जातात. एका साली एक कळप जाता जाता सरपंचांचा शेंगा धरून घाट्यावर आलेला हरभरा सफाचट करून गेला. सरपंच तणतणत आमच्या ओट्यावर आले. "पुढच्या साली एक मेंढरू गावात शिरू द्यायचं न्हाई! वाटच बंद!" मामांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बोट दुमडायला सुरुवात केली. "वाट बंद करता येत नाही, सरपंच. जाणं हा त्यांचा हक्क. पण चरणं..." सरपंच ऐकत गेले. मामांना कोणी इतकं मन लावून ऐकल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यात धनगरांजवळ रात्री मेंढरं कोंडायला दोरीचं जाळं असतं, त्याला वाघर म्हणतात, हे सरपंचांच्या बोलण्यात आलं, तेव्हा तर मामा उभेच राहिले. "जाळं? खरोखरीचं जाळं?" तीस वर्षं ज्या जाळ्यांबद्दल टाईप केलं, ती इथं घोड्यावर लादून, धुळीतून, आमच्या वेशीवरून जात होती! त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यांना जेवणही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजगावच्या टायपिंग क्लासात बसून मामांनी नियम उतरवले. कळपाच्या म्होरक्यानं चावडीवर येऊन कळवायचं: कोण, कुठून, कुठे, मेंढरं किती. वाघर घोड्यावर बांधलेली हवी, गावाच्या शिवारात उलगडायची नाही. सरळ जायचं. कोणत्याही कारणाने थांबायचं नाही. बाहेर पडताना पुन्हा कळवायचं. सरपंचांनी एवढंच सांगितलं होतं, की कागद एकाच पानात बसवा, दुसरं पान कोणी वाचत नाही. मामांनी एका पानात बसवला. पंचायतीत ठराव झाला, कागद चावडीवर डकवला गेला, आणि मामा रोज दुपारी चावडीवर वही घेऊन बसू लागले. धनगर मंडळी बिचारी गमतीनं नाव सांगत, मेंढरांचा आकडा सांगत आणि "जातो मालक" म्हणून पुढे निघत. सालभर कुणाच्या एका घाट्यालाही मेंढराचं तोंड लागलं नाही. सरपंच जत्रेत मामांना मानाच्या खुर्चीवर बसवू लागले. मामांची पाठ ताठ झाली. पण ट्रंकेचं कुलूप तसंच.

त्या पुढच्या सालच्या फाल्गुनातली गोष्ट. शनिवार होता, शाळा सकाळची, म्हणून शाळेच्या किल्ल्या खिशात घालून मी दुपारी चावडीवर मामांशेजारी बसलो होतो. चारच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. तसलं निळं-काळं आभाळ आमच्याकडे फाल्गुनात आलं की माणूस आधी रानाकडे धावतो, कारण त्यातून गारा पडतात. सरपंचांचा कांदा काढून रानात पडलेला. ते गड्यांना हाका मारत सैरावैरा पळत होते. नेमका त्याच वेळी एक म्हातारा धनगर वेशीतून आत आला, मागं दोनेकशे मेंढरं, दोन घोडी आणि डोक्यावर घोंगडं घेतलेली सून. मेंढरं कशीशीच दिसत होती, उघडीबोडकी. म्हातारा मामांपुढे हात जोडून म्हणाला, "मालक, चार दिस झाल्यात कातरून. अंगावर लोकर न्हाई. गार बसली तर सकाळपत्तूर निम्मी ऱ्हात न्हाईत. वाईच आडोसा द्या."

मामांनी वही उघडलेली होती. ती तशीच राहिली. तेवढ्यात सरपंच घामाघूम होऊन आले. त्यांना आधीच कांद्यानं भंडावलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या कागदावर बोट आपटलं. "आडोसा बिडोसा काय न्हाई. ह्यो बगा कागद. कोनत्याबी कारनानं थांबायचं न्हाई. मी न्हाई म्हनत, मामांचा कागद म्हनतुया. काय मामा?"

मामा उठले, कागदाजवळ गेले आणि चष्मा वर करून वाचू लागले. स्वतःच टाईप केलेला, रोज पाहिलेला कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला. तळाशी पोचले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "शेवटची ओळ नाही," ते म्हणाले. "कसली वळ?" सरपंचांनी विचारलं. "शेवटची ओळ राहिली. पान संपत आलं होतं. मला वाटलं, इथं कसलं आलंय वादळ, इथं कुठं समुद्र आहे..." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. तीस वर्षांत पहिली." आणि ज्या माणसानं एका स्वल्पविरामापायी चार पानं पुन्हा टाईप केली होती, त्यानं खिशातलं पेन काढून त्या टाईप केलेल्या कागदाच्या तळाशी, समासात, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत होते: "वादळात सापडलेल्याला थांबता येईल. त्याला परवानगी लागत नाही. त्यानं नुसतं कळवायचं."

सरपंच बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, कांद्यापायी कावला होता. "आन किती दिस थांबायचं ह्यांनी?"

"वादळ सरेपर्यंत."

"आन सरलं का न्हाई ते कुनी ठरवायचं? आपन?"

"आपण नाही. ते ज्याचं जहाज त्याला विचारायचं."

पहिली गार चावडीच्या पत्र्यावर वाजली. मामा माझ्याकडे वळून असे ओरडले, की मी त्यांचा तेवढा आवाज कधी ऐकला नव्हता, "जावईबापू, बंदर द्या! शाळा उघडा!" मी काय करणार? पळालो. सरपंचही पळाले, आणि गंमत बघा, कांदा सोडून मेंढरं आत हाकायला लागले. "हैक, हैक! ए, म्होरं घ्या रं!" माझी बायको घरून डोक्यावर पाटी धरून आली आणि सुनेला घेऊन ऑफिसच्या खोलीत गेली. पाऊण तास गारा झोडपत होत्या. पत्र्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. सातवीच्या वर्गात एवढी भरगच्च हजेरी त्याआधी कधी लागली नव्हती. भूगोलाच्या नकाशाखाली साठेक मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती आणि मामा दारात, त्यांना मोजत. दोन कोकरं तेवढी दगावली. म्हातारा म्हणाला, दोनच, म्हणजे देवानं वाचवलं. सरपंचांचा निम्मा कांदा गेला. पुढचा आठवडाभर शाळेला लेंड्यांचा वास येत होता, आणि मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की बंदर दिलं होतं.

संध्याकाळी आम्ही ओलेचिंब घरी आलो. बायकोनं चूल पेटवली. मामा अंग पुसून नेहमीसारखे उंबऱ्यावर येऊन खाकरले. "मी आहे. मोरीकडे..."

"मामा," ती चुलीकडे तोंड करूनच म्हणाली, "मामी गेल्या तेव्हा तुम्ही आमच्याकडे आलात. वादळ होतं ना ते?"

मामांनी मान डोलावली.

"मग सरलं का? ज्याचं जहाज त्याला विचारायचं असतं, तुम्हीच म्हणालात सगळ्या गावासमोर. म्हणून विचारते."

मामांनी आपल्या खोलीतल्या ट्रंकेच्या दिशेनं पाहिलं. मग मामा म्हणाले, "नाही गं पोरी. नाही सरलं."

"मग त्याला परवानगी लागत नाही. नुसतं कळवायचं. कळवा."

मामांचे हात अजून पाठीमागेच होते.  ते ताठ उभे राहिले आणि कचेरीत साहेबापुढे बोलावं तसे म्हणाले, "कळवतो की, मी इथं थांबलोय." मग त्यांनी हात सोडले, फडताळापाशी गेले, डब्याचं झाकण आपल्या हातानं उघडलं आणि एक लाडू घेतला. बायको पदरात तोंड लपवून रडली. मला तेव्हा कळलं, म्हणायचं कशाला ते. त्याच दिवशी ट्रंक रिकामी झाली. आत होतं काय, तर दोन धोतरं, चार सदरे, मामींचं एक लुगडं आणि डांबराच्या गोळ्या. सदरे खुंटीवर गेले.

त्यानंतरची चार वर्षं म्हणजे आम्हाला शिक्षाच होती. हद्द आता त्यांची झाली होती ना! मी स्वयंपाकघरातून चाललो की मामा पाटावरून विचारत, "कुठं? हात दाखवा." पुतण्याला त्यांनी शेवटचं पोस्टकार्ड टाकलं: येण्याचा विचार रद्द केला आहे. त्याला लगेच उत्तर आलं, बरे झाले कळवलेत. ते उत्तर मामांनी दोनदा वाचलं, हसले आणि चुलीत घातलं.

मामा गेले ते श्रावणातल्या एका सकाळी, ओट्यावर चहा घेता घेता. बशी हातात तशीच होती. निघताना कळवायचं, हा नियम तेवढा त्यांनी मोडला.

परवा दुपारी मी स्वयंपाकघरातून परसात निघालो होतो. बायको सुपात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "मोरीकडे. हात रिकामे." म्हणून झाल्यावर लक्षात आलं, हात खरंच पाठीमागे बांधलेले होते. ती हसली नाही. सूप थोडं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "घ्या दोन दाणे."